खाजगी कंपनीची आचारसंहिता आणि आपला नोकरदार

(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला आम्ही दोन शब्द बोलावेत असे समितीने सुचविले, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आम्हाला पडला होता. तो प्रश्न आमच्या शेजारच्या एका मुलीने सोडवला. तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. ती घरी पेढे द्यायला आली आणि जाता जाता तिने पिशवीतून एक जाडशी पुस्तिका काढली. म्हणाली, "काका, नेमणूकपत्राबरोबर हे दिलंय. कोड ऑफ कंडक्ट म्हणतात. शेवटच्या पानावर सही घेतली. सही तर करून बसले, पण यात आहे काय?" आम्ही विचारले, "बाळ, सही करताना वाचलं नाहीस का?" ती हसली आणि म्हणाली, "कुणीच वाचत नाही काका. सगळ्यांनी केली, मी पण केली."

बंधू-भगिनींनो, हाच आजचा आपला विषय. एक काळ असा होता की आपल्या वस्तीतला शिकलेला मुलगा म्हणजे रेल्वे, पोस्ट, एस.टी., महापालिका किंवा शाळा, एवढ्याच वाटा. त्याआधीच्या पिढीला गिरणी. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली, पुढे एकेक करून दुसऱ्या गिरण्याही गेल्या आणि सोलापूरच्या भोंग्यांचा आवाज बंद झाला. सरकारी भरतीही आटली. आज आपली मुले-मुली चिंचोलीच्या आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहेत, चाकणला आहेत, हिंजवडीला आहेत, खाजगी बँकांत आणि दवाखान्यांत आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात अशी एक पुस्तिका पडते. तिला कुणी आचारसंहिता म्हणतात, कुणी नीतिनियम म्हणतात. या पुस्तिकेकडे नोकरदार माणूस कोणत्या नजरेने पाहतो आणि त्याने कसे पाहायला पाहिजे, याविषयी आम्हाला आज बोलायचे आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की पुस्तिकेत वाईट असे काही नसते. लाच घेऊ नका, देऊ नका. पुरवठादाराकडून भेटवस्तू घेऊ नका. कंपनीचा माल घरी नेऊ नका. स्वतःच्या नातेवाइकाला ठेका देऊ नका. कंपनीची गुपिते बाहेर सांगू नका. स्त्रियांशी सभ्यपणे वागा. धर्म, जात, लिंग यावरून भेदभाव करू नका. गैरप्रकार दिसला तर अमुक ठिकाणी कळवा, कळविणाऱ्याला त्रास दिला जाणार नाही. ज्या घरांत रोज पंचशील म्हटले जाते, त्या घरांतल्या माणसांना यात नवीन ते काय? मग अडते कुठे?

आम्ही आमच्या नोकरीच्या काळात आणि नंतरही चहाच्या टपरीवर, लग्नकार्यात, विहाराच्या पायरीवर ज्या ज्या नोकरदारांशी बोललो, त्यांच्याकडून आम्हाला साधारणतः चार गोष्टी ऐकायला मिळाल्या. पहिली, "हे नियम आपल्यासाठी आहेत, साहेबासाठी नाहीत." दुसरी, "उद्या काही झालं तर कंपनी सही दाखवून हात झटकणार, म्हणून हे कागद." तिसरी, "सगळं इंग्रजीत आहे, कोण वाचणार?" आणि चौथी गोष्ट फार थोड्यांकडून, पण ऐकली जरूर. एक भगिनी म्हणाली, "त्या पुस्तकात लिहिलं होतं म्हणूनच मी तक्रार करू शकले. नाहीतर मला वेडी ठरवली असती." म्हणजे एकच पुस्तिका कुणाला थोतांड वाटते, कुणाला फास वाटते, आणि कुणाला आधार वाटते. हा फरक पुस्तिकेच्या मजकुरामुळे पडत नाही. तो कशामुळे पडतो ते पाहिले पाहिजे.

हे केवळ आपल्या सोलापुरातले गाऱ्हाणे आहे असेही नाही. अमेरिकेत लिंडा ट्रेव्हिनो या प्राध्यापिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा मोठ्या कंपन्यांतील सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांची मते घेऊन १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की नुसती नियमावली असण्याने फारसे काही साधत नाही. वरिष्ठ कसे वागतात, शिक्षा आणि शाबासकी न्यायाने दिली जाते का, तक्रार केल्यावर पुढे काही होते का, यावर सगळे अवलंबून असते. आणि सर्वांत घातक काय ठरते? तर हा सगळा खटाटोप वरच्या लोकांची कातडी वाचविण्यासाठी चालला आहे अशी कर्मचाऱ्यांची समजूत होणे. आपल्या टपरीवरचा माणूस जे एका वाक्यात बोलतो, तेच त्या विदुषीने दहा हजार माणसांना विचारून सांगितले. तेव्हा आपल्या माणसाची नजर अडाणी आहे असे कुणी समजू नये.

आता आम्ही आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला सोपी नाही, परंतु ती वगळून या विषयावर बोलणे म्हणजे तुमची फसवणूक होईल.

आम्ही बरीच वर्षे एका खाजगी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. कारखान्याचे नाव येथे घेत नाही. एके वर्षी तिथेही अशी पुस्तिका आली. बाहेरगावाहून एक अधिकारी आले, त्यांनी कँटीनमध्ये पडदा लावून तासभर हिंदी-इंग्रजीत व्याख्यान दिले. आमच्या कारखान्यात कुणी मराठी बोलणारा, कुणी कानडी, कुणी तेलुगू. निम्म्या लोकांना ते कळले नाही. शेवटी रांग लावून सह्या घेतल्या. "वाचले व समजले" असे वर छापलेले होते.

त्याच दिवाळीत भंगार नेणाऱ्या टेम्पोवाल्याने स्टोअरमधल्या एका हेल्पर मुलाला अर्धा किलो मिठाई आणि एक डायरी दिली. मुलगा आपल्याच वस्तीतला, वर्षभरापूर्वी ठेकेदारामार्फत लागलेला. त्याने ती सर्वांसमोर घेतली, आम्हालाही त्यातला पेढा दिला. गेटवर वॉचमनने डबा पाहिला. दुसऱ्या दिवशी मेमो. पुस्तिकेतले भेटवस्तूचे कलम लावून इन्क्वायरी बसली.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच वर्षी एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बंगल्याचे काम चालले होते. स्टोअरमधून सिमेंटच्या गोण्या, वायरचे बंडल, रंगाचे डबे त्या बांधकामावर जात होते. गेटपास कोण फाडत होता? आम्ही. रजिस्टरमध्ये "दुरुस्तीकामासाठी" असे कोण लिहीत होता? तेही आम्हीच. इन्क्वायरीत आम्हाला साक्षीला बोलावले. त्या मुलाने भाबडेपणाने विचारले, "मी मिठाई घेतली ती चूक झाली असंल. पण इथून दुसरं काहीच कुणी नेत नाही का? काकांना विचारा." साहेबांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "आम्हाला माहीत नाही."

बस्स, एवढेच तीन शब्द. मुलाचे काम गेले. तो ठेकेदाराचा माणूस, त्याला नोटीसही लागली नाही. आम्ही त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. आमच्या सौभाग्यवतींनी कारण विचारले, तिलाही सांगितले नाही. खोटे बोलणार नाही असे रोज सकाळी म्हणणारा माणूस दुपारी साहेबांच्या खोलीत खोटे बोलला, कारण घरी दोन मुली शिकत होत्या.

त्यानंतर कारखान्यात त्या पुस्तिकेचे काय झाले? कुणी फाडली नाही, कुणी विरोध केला नाही. लोकांनी तिची थट्टा सुरू केली. कुणी चहा पाजला की दुसरा म्हणायचा, "बघ बे, कलम लागेल." एवढ्या खर्चाने छापलेली नीती विनोदाची वस्तू होऊन बसली. पुस्तिकेच्या विरुद्ध एक अक्षरही न बोलता ती मारली गेली, आणि तिला मारणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढे कित्येक वर्षांनी आम्ही त्या मुलाची माफी मागितली. तो रिक्षा चालवतो. म्हणाला, "जाऊ द्या काका, तुमचं पोट होतं." हे त्याचे मोठेपण. परंतु तेवढ्याने आमचे ओझे उतरत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की नोकरदार माणूस पुस्तिका डोळ्यांनी वाचत नाही, तो ती साहेबाच्या वागणुकीतून वाचतो. नियम खाली लागतो आणि वर लागत नाही हे एकदा दिसले, की तो नियम मेला.

याचे जगभर गाजलेले उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्याच दारात घडले. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प सर्वांना आठवत असेल. तो उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकन कंपनीची ६४ पानांची आचारसंहिता होती. जुलै २००० मध्ये तिची आवृत्ती निघाली, वर अध्यक्ष केनेथ ले यांचे निवेदन होते. आदर, सचोटी, संवाद आणि उत्तमता ही कंपनीची चार मूल्ये म्हणून सांगितली जात. आणि प्रत्यक्षात? कंपनीशी व्यवहार करणाऱ्या संस्था कंपनीच्याच वित्त अधिकाऱ्याला चालवू देण्यासाठी संचालक मंडळाने १९९९ साली त्या आचारसंहितेतून त्याला एकदा नव्हे, दोनदा सूट दिली. कारकुनाला जे कलम लागले असते, ते साहेबासाठी ठराव करून बाजूला ठेवले. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पाठोपाठ सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांना एका झटक्यात घरी पाठविण्यात आले. पुष्कळांची म्हातारपणाची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये होती. ज्या शेअरची किंमत २००० साली ९० डॉलरपर्यंत गेली होती, तो एका डॉलरच्याही खाली आला. इकडे दाभोळचा प्रकल्प त्याआधीच २००१ साली बंद पडला होता. म्हणजे वरची नीती मोडली की खालच्या माणसाची नोकरी आणि पुंजी दोन्ही जातात. "साहेबाचं साहेब बघून घेईल, आपल्याला काय करायचंय," असे जे आपण म्हणतो, ते म्हणूनच खरे नाही.

तथापि, सगळीकडे अंधारच आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईच्या आयसीआयसीआय बँकेत सर्वोच्च पदावरील अधिकाऱ्यांच्या व्यवहाराबद्दल तक्रारी झाल्या. मार्च २०१८ मध्ये संचालक मंडळाने त्यांच्यावर पूर्ण विश्वास व्यक्त केला होता. परंतु पुढे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची चौकशी नेमावी लागली, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्या चौकशीने बँकेच्या आचारसंहितेचा भंग झाल्याचा निष्कर्ष दिला. कोर्टकचेऱ्या पुढे चालल्या, त्यात आपण जात नाही. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की पुस्तिकेतले कलम वरच्या खुर्चीपर्यंत पोहोचू शकते. कायदाही तेच सांगतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीच्या नियमाने जी आचारसंहिता करावी लागते, ती संचालक आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यासाठीच असते, आणि आपण ती पाळली असे त्यांना दरवर्षी लिहून द्यावे लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने अशा कंपन्यांत गैरप्रकार कळविण्याची व्यवस्था आणि कळविणाऱ्याला संरक्षण ठेवणे बंधनकारक केले आहे. ही गोष्ट आपल्या किती नोकरदारांना ठाऊक आहे?

आता नियम कसा असावा याचा एक जुना नमुना तुमच्यापुढे ठेवतो. कामगारांच्या वागणुकीचे नियम, म्हणजे स्थायी आदेश, यांचा देशव्यापी कायदा १९४६ साली झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते कुणाकडे होते? परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. आपल्या इकडच्या कापड गिरण्यांना मुंबई प्रांताचा वेगळा कायदा होता, पण बाबासाहेबांच्या खात्याच्या काळातील त्या कायद्यात काय होते ते नीट ऐका. मालकाने नियमांचा मसुदा करायचा, तो सरकारी अधिकाऱ्यापुढे ठेवायचा. त्या अधिकाऱ्याने तो कामगारांच्या युनियनकडे पाठवून हरकती मागवायच्या. मगच तो मंजूर. मंजूर झाल्यावर तो इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लिहून, ज्या गेटातून कामगार आत येतात त्या गेटाजवळ फळ्यावर लावायचा. आणि त्या नियमांत कामगाराच्या गैरवर्तनाबरोबरच मालकाकडून किंवा त्याच्या माणसांकडून अन्याय झाला तर कामगाराने दाद कुठे मागायची, हेही असलेच पाहिजे.

बघा, यात तीन गोष्टी आल्या. ज्याला नियम लागणार त्याला आधी विचारणे, त्याच्या भाषेत सांगणे, आणि नियम दोन्ही बाजूंना लागू करणे. आपल्या मुलीच्या हातातल्या त्या गुळगुळीत पुस्तिकेला ही तीन मापे लावून पाहा. विचारले का? नाही. तिच्या भाषेत दिले का? नाही. साहेबाला लागते का? ते दिसायचे आहे. जो नियम विचारून होतो, तो माणसाला आपला वाटतो. जो वरून पडतो, तो परका वाटतो. आपण शील ग्रहण करतो तेसुद्धा स्वतःच्या तोंडाने, स्वतः म्हणून. दुसऱ्याने आपल्या वतीने सही करून चालत नाही.

तो १९४६ चा कायदा आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो औद्योगिक संबंध संहितेत समाविष्ट झाला. मूळ कायद्यात स्थायी आदेशाचे बंधन १०० कामगारांच्या आस्थापनेला होते, नव्या संहितेत ते ३०० कामगारांना आहे. आपल्या सोलापुरातले चादरीचे, टॉवेलचे कारखाने पाहा. किती ठिकाणी ३०० माणसे आहेत? यंत्रमागावर दहा-वीस माणसे, बिडी वळणाऱ्या आपल्या भगिनी तर घरीच काम करतात. त्यांच्या बिड्या कारखान्यात नापास करून बाजूला काढल्या, तर दाद मागायला पुस्तिका कुठली आणि फळा कुठला? तेव्हा जिथे कंपनीची स्वतःची नियमावली आहे तिथे ती नीट वाचून वापरणे, आणि जिथे नाही तिथे ती मागणे, हे आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

आता आपल्या दृष्टीने जे सर्वांत नाजूक कलम, त्याकडे वळतो. भेदभाव करणार नाही, हे कलम. टाटा समूहाने १९९८ साली आपली आचारसंहिता लेखी स्वरूपात आणली. त्या संहितेत समान संधी देताना जात पाहिली जाणार नाही असे 'जात' हा शब्द घालूनच म्हटलेले आहे. ही चांगली गोष्ट. परंतु प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास काय सांगतो? त्यांनी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठविले, फक्त नावे-आडनावे वेगळी. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. मुसलमान नावाची त्याहून कमी. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना भेटून प्रश्न विचारले. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे ते अधिकारी सांगत, आणि त्याच बरोबर मुलाखतीत घरची पार्श्वभूमी विचारतो असेही सांगत. वडील काय करतात, कुठे राहता, हा प्रश्न आपल्या मुलांना नवीन नाही. त्या प्रश्नामागे काय दडले आहे, हे आपल्या मुलाला पुस्तिकेपेक्षा चांगले कळते.

हा प्रश्न आता सातासमुद्रापार गेला आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी विभागाने सिस्को या कंपनीवर खटला भरला. एका दलित अभियंत्याला भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वेगळी वागणूक दिली, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांविरुद्धचा दावा विभागाने मागे घेतला, कंपनीविरुद्धचा मात्र चालू ठेवला. निकालाची चर्चा बाजूला ठेवू. पण त्या सुमारास अ‍ॅपलसारख्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांच्या नियमांत 'जात' हा शब्द घातला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. म्हणजे एक शब्द पुस्तिकेत यावा यासाठीही कुणाला तरी आधी तोंड उघडावे लागते. नुसत्या शब्दाने अन्याय थांबत नाही हे खरे, पण शब्दच नसेल तर तक्रार कोणत्या कलमाखाली करणार? आमची ती भगिनी जे म्हणाली, "लिहिलं होतं म्हणून तक्रार करू शकले," त्याचा अर्थ हाच.

म्हणून आमच्या तरुण मुला-मुलींना काही व्यावहारिक सूचना करतो.

सही करण्यापूर्वी पुस्तिका वाचा. वेळ मागा, एक रात्र मागा. मराठी प्रत आहे का ते विचारा. विचारण्याने नोकरी जात नाही. सहीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. नव्या संहितांनी नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे, ते मागून घ्या. पुस्तिकेत सर्वांत आधी तक्रारीचे प्रकरण उघडा. तक्रार कुणाकडे, किती दिवसांत, आणि साहेबाविरुद्धच असेल तर कुणाकडे, हे पाहा. तक्रार तोंडी करू नका, लेखी करा आणि पोच घ्या. भगिनींनी ध्यानात ठेवावे की २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. आणि एकट्याने लढू नका. युनियन असेल तर युनियनकडे जा, नसेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, आणि जाण्याआधी विहारात या. आपल्यात वकील आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत. दर रविवारी वंदनेनंतर तासभर अशा कागदांचे वाचन करून देण्याची आमची तयारी आहे, ते काम आम्ही आजपासून अंगावर घेतो.

शेवटी एक कडू गोष्ट. आपण फक्त नोकर नाही, कुठे कुठे आपण मालकही आहोत. आपल्यातले काही जण लहान ठेकेदार झाले, कुणाचे दुकान आहे, कुणाच्या हाताखाली चार पोरे आहेत. त्यांचा पगार वेळेवर होतो का? त्यांना नेमणुकीचा कागद दिला का? आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला आपण कोणत्या कपात चहा देतो? साहेबाला जे माप लावतो तेच स्वतःला लावले नाही, तर आपलीही नीती पुस्तिकेतलीच ठरेल.

आणि हाच नियम या विहारालाही लागू आहे. वर्गणी आपण घरोघर जाऊन गोळा करतो. पाच-पाच, दहा-दहा रुपये देणाऱ्या माउल्या आहेत. समितीला आमची जाहीर विनंती आहे की जमाखर्च दर महिन्याला मराठीत लिहून दाराजवळच्या फळ्यावर लावावा, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसेल. आम्ही स्वतः समितीत आहोत, तेव्हा ही विनंती पहिल्यांदा आम्हालाच लागू आहे. कुणाला शंका आली तर त्याने उभे राहून विचारावे. विचारणाऱ्याला कुणी डोळे दाखवू नयेत. आणि आम्हाला विचारले तर "आम्हाला माहीत नाही" हे तीन शब्द आम्ही पुन्हा म्हणणार नाही, एवढे वचन आज या सभेत देतो.



नमो बुद्धाय. जय भीम.